शालनबाई गाडी हलवत नाहीत

निघोज्यात शालनबाईंची गाडी ओळखायला नंबर बघावा लागत नाही. पांढरी, छोटी, दहा वर्षं वापरलेली आणि रस्ता ओलांडणाऱ्या कोंबडीलाही आधी जाऊ देणारी गाडी दिसली की आत शालनबाई आहेत असं समजावं. पदरावरून ओढलेला पट्टा, नाकावर चष्मा आणि स्टिअरिंग असं धरलेलं, जणू कुणी हिसकावून नेणार आहे. हिसकावणारा घरातच असल्यामुळे ही सावधगिरी अगदीच फुकट नव्हती.

तो म्हणजे थोरला मुलगा अजिंक्य. गावची जमीन कंपन्यांना गेल्यापासून अजिंक्यकडे दोन कामं उरली होती: लोकांची भांडणं मिटवणं आणि ती मिटवतानाचे स्वतःचे फोटो फ्लेक्सवर लावणं. चार वर्षांपूर्वी त्याने शिडी लावून चढावं लागेल अशी उंच गाडी घेतली आणि छोटी विकायला काढली. तेव्हा चहा गाळता गाळता शालनबाई म्हणाल्या, "इकू नगं. मी चालवीन."

घर इतकं हसलं की भिमाजींचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, चहा नाकातून आला. दुसऱ्या दिवशी चोपन्न वर्षांच्या शालनबाई बस पकडून थेरगावला गेल्या. तिथे साबिया नावाची गॅरेजवाल्याची लेक फक्त बायकांना ड्रायव्हिंग शिकवते. चाळीस दिवसांत साबियाने त्यांना गिअर, क्लच आणि एक मंत्र दिला: "काकी, गाडीला घाबरायचं नाही. मागच्याला घाबरायचं."

लायसन्स आलं. भिमाजी पहिल्या फेरीला बसले आणि मोशीपर्यंत झोपले. ज्यांना घरच्या गादीवर झोप लागत नाही त्यांनी आपल्या गाडीत घोरावं, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र शालनबाईंना आरटीओनेही दिलेलं नव्हतं. अजिंक्यने मात्र अट घातली, "आई, पहिला ओरखडा आला की चावी माझ्याकडं."

चार वर्षांत ओरखडा आला नाही. आणि चावीमुळे काय आलं? बुधवार आला. लेक पूनम चऱ्होलीला एका सोसायटीत नवव्या मजल्यावर राहते. पूर्वी तिच्याकडे जायचं तर आठ दिवस अर्ज करावा लागे. "बघू", "रविवारी जाऊ", "ड्रायव्हर सुट्टीवर आहे." आता दर बुधवारी जेवण आटोपलं की शालनबाई उरलेल्या दहा गुंठ्यांतला भाजीपाला पिशवीत भरतात आणि कुणाला न विचारता निघतात. चावी गेली तर बुधवार जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या बुधवारी श्रावणातली भुरभुर चालू होती. गावाबाहेरच्या वळणावर भंगाराचे ट्रक वळतात. त्यांच्यात कारखान्यातल्या मशिनींवरचा लोखंडी किस भरलेला असतो आणि त्यातलं तेलपाणी थेंब थेंब रस्त्यावर गळतं. कोरड्यात काही कळत नाही. भुरभुर आली की त्या वळणाचा साबण होतो. वळणावरचा पंक्चरवाला एहसान जालन्याकडचा. तो रोज सकाळी स्वतःहून तिथे लाकडाचा भुसा टाकतो, कारण पडलेल्या माणसांना उचलून त्याची कंबर धरली होती.

शालनबाईंनी नेहमीप्रमाणे लांबूनच दुसरा गिअर टाकला, ब्रेकला पाय लावला नाही आणि गाडी कढईत भजं सोडावं तशी अलगद वळणात सोडली. मागून चऱ्होलीचा प्रज्वल येत होता. गाडी नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिक अजून न काढलेलं, एका हातात मोबाइल. पुढची गाडी हळू झालेली त्याला दिसली तेव्हा त्याने सगळं वजन ब्रेकवर टाकलं. चाकं थांबली. गाडी थांबली नाही. ती तशीच शांतपणे, मिरवणुकीतल्या रथासारखी सरकत आली आणि शालनबाईंच्या पाठीत बसली.

धाडकन आवाज झाला. मागचा दिवा फुटला, बंपरला खळगा पडला आणि घेवड्याच्या शेंगा सगळ्या गाडीत उडाल्या. माणसांना काही झालं नाही. रस्त्याचा अर्धा भाग पाइपलाइनसाठी खणलेला, उरलेल्या अर्ध्यात या दोन गाड्या. वर तीनची शिफ्ट सुटलेली. पाच मिनिटांत मागे कंपन्यांच्या बसची रांग लागली.

"ओ काकू!" प्रज्वल उतरला. "मधीच ब्रेक कशाला मारला?"

"मी ब्रेक मारलाच न्हाई," शालनबाई म्हणाल्या. "तू मारलास. म्हणून तर आलास माझ्या अंगावर."

हे वाक्य साधं आणि खरं होतं, पण जमलेल्या गर्दीने ते कानावरून जाऊ दिलं. एकजण म्हणाला, लेडीज म्हटल्यावर होतंच असं. दुसरा म्हणाला, या वयात कशाला चालवायची. तिसरा नुसताच व्हिडिओ काढत होता.

"मावशींनी ब्रेक नाही मारला," एहसान दुकानातून ओरडला. "रोज बघतो मी. मावशी इथं दुसऱ्या गिअरवरच जातात. सकाळपासून तीन दुचाक्या पडल्यात इथं."

पंक्चरवाल्याची साक्षही तशीच गेली. आपल्या पट्ट्यात अपघात झाला की चूक कुणाची हे कुणी बघत नाही. आधी दोघंही आपापल्या भाऊंना फोन लावतात आणि ज्याचा भाऊ वजनदार त्याची बाजू खरी. रीतीप्रमाणे प्रज्वलने फोन लावला आणि सगळ्यांवर छाप पडावी म्हणून स्पीकर चालू केला.

"भाऊ, निघोज्याच्या वळणावर गाडी ठोकली. पुढं बाई हाय."

"बाई?" फोनमधून आवाज आला. "मग मला काय विचारतो? चूक तिचीच असणार. गाडी हलू देऊ नको तिची. आलोच दहा मिनिटांत."

शालनबाईंनी तो आवाज लगेच ओळखला. बत्तीस वर्षं तो त्यांना "आई, भूक लागली" म्हणत होता.

एहसानच्याही लक्षात आलं. दुकानासमोरच्या खांबावर त्या आवाजाचा हात जोडलेला फ्लेक्स होता. तो तोंड उघडणार एवढ्यात शालनबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हातातली ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. एक वाक्य बोलल्या असत्या तर सगळं मिटलं असतं. त्यांना ते मिटवायचंच नव्हतं.

"काकू, तुमचं कुणी असंल तर बोलवून घ्या," प्रज्वल जरा मऊ झाला.

"तू बोलावलंस तेवढं पुरं हाय."

त्यांनी शेंगा गोळा केल्या, एहसानची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि ताडपत्रीखाली बसून घेवड्याच्या शिरा काढायला घेतल्या. समोर पंधरा बस भोंगे वाजवत होत्या. शालनबाई सासरची मंडळी जेवून उठल्यावर बसाव्यात तशा निवांत बसल्या होत्या.

"रिकामा हुबा हायेस तर ह्या घे," त्यांनी प्रज्वलसमोर पिशवी धरली. "दोन्ही बाजूनं शिर काढायची. कोवळ्या येगळ्या ठेव."

प्रज्वलने का घेतल्या ते त्यालाही कळलं नाही. टायरवर बसून तो मुकाट्याने शेंगा निवडू लागला. व्हिडिओवाल्याने तेही काढलं.

अजिंक्य बुलेटवरून आला. खड्ड्याच्या कडेने वाट काढत, गॉगल डोक्यावर, लांबूनच हात वर. "कुठंय ती बाई?"

"हितं," शालनबाई म्हणाल्या.

बुलेट बंद पडली. ती त्याने बंद केली की आपोआप पडली, यावर नंतर गावात दोन तट झाले.

"आई?"

प्रज्वल ताडकन उठला. मांडीवरच्या शेंगा सांडल्या. त्याने दोनदा अजिंक्यकडे, एकदा फ्लेक्सकडे बघितलं आणि थेट शालनबाईंच्या पाया पडला. "चुकलो काकी. माफ करा. ओळखलं नाही मी तुम्हाला."

"उठ. ओळखलं न्हाई म्हणून चुकलास व्हय? म्हंजी दुसरी कुणी बाई असती तर बरोबर होतास?"

उत्तर अजिंक्यकडे असेल या आशेने सगळे तिकडे वळले.

"आई, झालं ना आता," अजिंक्य दबक्या आवाजात म्हणाला. "पोरगं माफी मागतंय. माणसं बघतायत. घरी जाऊन बोलू. आण ती चावी, मी काढतो गाडी बाजूला." त्याने हात पुढे केला.

शालनबाईंनी चावी ब्लाउजमध्ये खोवली. "फोनवर काय म्हणलास तू?"

"मला काय माहीत तू आहेस!"

"त्येच तर. माहीत नसताना म्हणलास. बघितलं न्हाईस, इचारलं न्हाईस, बाई म्हणलं की चूक तिची. आता बघ. रस्ता बघ, एहसानला इचार, आन सांग चूक कुणाची."

अजिंक्यने रस्ता बघितला. म्हणजे तो बघायला दोन पावलं गेला, त्याचा पाय सटकला आणि एहसानने त्याला दंडाला धरून उभं केलं. "भाऊ, चौथे तुम्ही असता," एहसान अदबीने म्हणाला. "आणि ह्याच्या हातात मोबाइल होता."

"मागच्याची आहे," अजिंक्य पुटपुटला.

"बसपातूर ऐकू गेलं न्हाई."

"आई, प्लीज."

"गणपतीत माइक नसला तरी तुझा आवाज पल्याडच्या मोई गावापर्यंत जातू. काढ तसला."

मागे भोंग्यांचा नुसता गोंधळ. एका बसचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ भाऊ, काय म्हणायचं ते म्हणा आन सोडा आम्हाला! पोरं शाळेतनं आली असतील!"

अजिंक्यने मान वर केली. "माझ्या आईची चूक नाही!"

"आईची ऱ्हाऊ दे. बाईची म्हण."

अजिंक्यचा चेहरा निवडणूक हरल्यासारखा झाला. पण आवाज निघाला, आणि चांगला खणखणीत निघाला. "या बाईंची चूक नाही! मागच्याने मोबाइल बघत ब्रेक मारला! आणि मीही न बघता बोललो!"

शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलं नव्हतं. शालनबाईंनी क्षणभर लेकाकडे बघितलं, मग उठून पिशवी उचलली. प्रज्वलने निवडलेल्या शेंगा त्यांनी बोटांनी चाचपल्या. "बऱ्या निवडल्यास. आता दिवा कधी बसवून देतूस ते एहसानला सांगून ठेव."

त्या गाडीपाशी गेल्या तेव्हा अजिंक्य आधीच चालकाच्या दाराशी उभा होता. "पण आई, ओरखडा तर आलाय. आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं हुतं. मला कुणी इचारलं? आज मी ठरवलं, चावी माझीच." त्यांनी त्याला दारातून बाजूला केलं, पदर सावरला आणि पट्टा ओढला. "पूनमकडं चाललेय. येतूस तर त्या बाजूनं बस. बुलेट एहसान बघंल."

बसची रांग बघता अजिंक्यला घाई करणं भाग होतं. तो डावीकडे बसला. शालनबाईंनी दुसरा गिअर टाकला आणि फुटक्या दिव्याची गाडी उरलेल्या वळणात अलगद सोडली. शेजारी अजिंक्यचा उजवा पाय पायपुसणीवर जोरात रुतला, जिथे ब्रेक असायला हवा होता आणि नव्हता.

"पाय वर घे," रस्त्यावरची नजर न काढता शालनबाई म्हणाल्या. "चालवतंय कोण?"