शेवाळातले जीव

आज कणीक मळताना तोच खारट, कुजका वास आला. माझ्या लग्नाच्या वर्षी दिरांनी जीवदया म्हणून मुंबईच्या कोळ्याकडून थोडे जिवंत मासे सोडवून, समुद्राच्या पाण्याच्या डब्यांसकट जळगावला आणले आणि काचेच्या पेटीत ठेवले. रेशनच्या त्या दिवसांतही येणारा-जाणारा पुण्य म्हणून त्यात कणकेची गोळी टाकायचा. उरलेली कणीक तळाशी कुजून वास सुटला, पाणी हिरवं झालं, काचेवर शेवाळ चढलं. मी खरवडायला गेले तर सासूबाईंनी हात धरला, “राहू दे सूनबाई, शेवाळात अनंत जीव असतात.” मग एका सकाळी मासे हवेसाठी वर येऊन तोंड उघडमीट करू लागले. “भुकेले गं बिचारे,” म्हणत सासूबाईंनी मूठभर कणीक सोडली. दुपारी सगळे उलटे तरंगत होते. आज अंथरुणावर सासूबाई तशीच तोंडाची उघडमीट करताहेत. नणंद दुधाचा चमचा घेऊन वाकली, आणि मी तिचा हात धरला.