उजवी चप्पल

“सायेब, एक पायताण हितं काढा, मग आत जावा.”

वॉचमनकाकांचं ऐकून पाहणीला आलेले इंजिनिअर हसले, पण त्यांनी एक बूट काढला.

साताऱ्यातल्या माझ्या बसस्टॉपमागे अर्धवट खणून सोडून दिलेला भुयारी मार्ग आहे. तिथले म्हसवडकडचे वॉचमनकाका पूर्वी बोगद्यांच्या कामावर होते. “आत कोन हाय, ते भाईरच्याला कळाय नगं का?” असं ते म्हणत. कुणीच न वापरलेलं ते भुयार ते रोज सकाळी झाडत, आणि आत जाताना स्वतःचीही उजवी चप्पल पायरीवर ठेवत. मला विचारत, “काय ताई, आज बी मौनव्रत?” मी नुसती मान हलवायची.

काल सकाळी भुयार बुजवायला मुरमाचा डंपर आला. मुकादमाने काकांची रिकामी खुर्ची पाहिली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, “कोन न्हाई रं, घे मागं!”

डंपर भुयाराच्या तोंडाशी आला. त्याचा हौदा वर उचलला जाऊ लागला. तेवढ्यात मला पायरीवरची एकुलती एक चप्पल दिसली. अंगठा तारेने बांधलेली, उजव्या पायाची. एवढ्या माणसांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

“थांबा! काका आत आहेत!”