पॅकहाऊसमागचं पाळणाघर

पाळणाघरात रोज काहीतरी हरवतं. कुणाचा मोजा, कुणाची बाटली. किस्से मात्र एकही हरवत नाही, साठतच जातात! पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमागे दोन खोल्यांत मी पोरं सांभाळते. त्यांच्या आया पलीकडे पेट्या भरतात.

मंगलला मी बजावलं होतं, "पोराची नजर चुकवून पळायचं नाही. सांगून जायचं." तिने फारच मनावर घेतलं. दारातून "येते हं पिल्लू", फाटकातून "येते हं", रस्त्यापलीकडून पुन्हा "येते हंऽऽ!" शेवटी तीन वर्षांचा यश खिडकीतून ओरडला, "मम्मी, जा ना आता, मला खेळायचंय!"

मंगल रडत कामावर गेली.

तिथे टोपी, मास्क, एप्रन सक्तीचा. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या तशाच पळत येतात. ओळखायच्या कशा? एकदा दीड वर्षाचा बंटी भलत्याच बाईच्या मांडीवर बसून वरणभात हाणत होता. "आरं, तुझी आई मी हाय ना!" त्याची आई कळवळली. बंटी उठला, तिचा मास्क खाली ओढला, खात्री केली. मग तिच्या मांडीवर बसून पहिल्यापासून जेवला!

किरण टेम्पो चालवतो. त्याची आठ महिन्यांची पोरगी माझ्याकडे झोपेचना. अंगाई झाली, झोळी झाली. शेवटी त्यालाच फोन लावला.

"ताई, टेम्पो रिव्हर्स घेताना ओरडतात ना, तसं म्हणा. मी घरी तसंच झोपवतो."

मी थोपटत सुरू केलं, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बस!"

पोरगी गाढ झोपली!

रंजनाची सोनी मात्र कधी रडायचीच नाही. चार वर्षांची. सकाळी आईला टाटा, संध्याकाळी गुपचूप चपला घालून तयार. बाकीच्या आयांना हेवा वाटायचा. रंजना मात्र आतल्या आत कुढायची. एकदा बोललीच, "ताई, हिला माझी आठवणच येत नाय. मी असले काय, नसले काय, सारखंच!"

एका दुपारी सोनी ओट्यावरून पडली. गुडघा चांगलाच सोलवटला. मी धुतला, औषध लावलं. डोळ्यांत टिपूस नाही! उलट खिचडी खाल्ली, पकडापकडी खेळली.

साडेपाचला रंजना फाटकात दिसली. सोनीने आईकडे पाहिलं, आपल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि असं भोकाड पसरलं की अख्खं पाळणाघर चिडीचूप!

"मम्मीऽऽ, मी दुपारी पडले!"

रंजनाने तिला उचलून घट्ट धरलं. तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली,

"ताई, रडली की हो!"

अन् हसायलाच लागली.