जोडून पाहणारे डॉक्टर मठकर

डॉक्टरांनी फडका नाकाशी नेला, बाजूला ठेवला आणि माझ्या धाकट्या भावाच्या कुशीतल्या जखमेभोवती बोटे दाबून पाहू लागले.

"आवशी, किती दिस भिजता ह्यो फडको?"

"पयल्यापासना," आई म्हणाली. "माशाचा वीख भायर पडता. भिजता ता बराच आसा."

डॉ. अनंतराव मठकरांना मी प्रथम पाहिले ते असे. मी तेव्हा मालवणात मराठीचा शिक्षक होतो; हा भाऊ, दत्ताराम, आमची होडी चालवी. पाण्यातून उसळलेल्या टोळ माशाची लांब चोच त्याच्या कुशीत घुसली होती. चोच घरीच उपटली. रक्त थांबले, पाणी थांबेना. किनाऱ्यावर सगळे म्हणाले, विष आहे, वाहू द्या. म्हणून आईने जखम मुद्दाम मोकळी ठेवली होती.

"ह्या वीख न्हय गो. तुझ्या झिलाचा मूत आसा."

"मूत काय कुशीतसून येता? डॉक्टरानु, माझी मस्करी करतात?"

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी दत्तारामाला लघवीतून बाहेर पडणारे एक निळे औषध प्यायला दिले आणि आईला तिथेच बसवून ठेवले. संध्याकाळी फडका निळा झाला. आईने तो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, "आता काय ता सांगा."

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी बारीक नळी चोचीने तुटली होती. डॉक्टरांनी मला बाहेर नेले. ते म्हणाले, "मूत्रपिंडच काढून टाकले तर काम सोपे आहे. नळी जोडणे अवघड आहे. शिकत असताना मी ते पाहिले आहे, स्वतः केलेले नाही. जोड सुटला तर मूत्रपिंड जाईल, पुन्हा पोट उघडावे लागेल, जीवही धोक्यात येईल. मुंबईच्या बोटीचा प्रवास त्याला सोसणार नाही."

'केलेले नाही' असे स्वतःहून सांगणारा डॉक्टर मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

निर्णय दत्तारामानेच दिला. "देवान दोन वल्ही दिल्यान. एक तुमी कित्याक काढतात? जोडून बघा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः खाटकाकडे गेले. बोकडाच्या मूत्रनळ्या आणून त्यांनी दुपारभर त्या कापल्या आणि जोडल्या. टोके सरळ कापली तर जोड आवळतो, तिरपी कापली तर वाट रुंद राहते, हे त्यांनी मला नळी हातात देऊन दाखवले. बाजारात थट्टा झाली, "डॉक्टर मटण कापूक शिकतत." ती त्यांच्या कानावर गेली. "खरा आसा," एवढेच ते म्हणाले.

मग शस्त्रक्रियेत त्यांनी चोचीचा आत उरलेला तुकडा काढला, तुटलेली टोके साफ केली आणि आत, एक टोक कुशीतून बाहेर राहील अशी रबराची बारीक नळी ठेवून त्यांवर मोजके, सैल टाके घातले. पुढचे आठवडे मूत्र त्या रबरी नळीतून बाहेर येई.

आई मासे विकून थेट इस्पितळात येई. शेजारच्या रोग्याजवळ बसणाऱ्या एका बाईंनी वासाची तक्रार केली. डॉक्टर आईच्या चटईवर बसले आणि म्हणाले, "आवशी, पेज आसा काय गो?" तिच्याच वाडग्यातून ते पेज प्याले. तक्रार पुन्हा झाली नाही.

त्यानंतर या किनाऱ्यावरचे कितीतरी लोक त्यांच्या हाताखालून गेले. झाडावरून पडलेले, बैलाने शिंग मारलेले, अडलेल्या बाळंतिणी. त्यांची पद्धत तीच राहिली. जे येत नाही ते येत नाही म्हणायचे, मग शिकायचे, आणि काढून टाकण्याआधी जोडून पाहायचे. माझ्यासारख्या शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला त्यातून पुष्कळ शिकता आले. ते ऋण मानण्यासाठी हा लेख.

डॉक्टर आता साठीचे झाले. त्यांचा हात असाच स्थिर राहो, नजर अशीच बारीक राहो, आणि आम्हां रोग्यांकडून त्यांना दुपारची झोप तेवढी पुरी मिळो. ते पुष्कळ जगोत.

रबरी नळी काढली त्या दिवसाचे सांगायचे राहिले. डॉक्टर म्हणाले होते, "जोड टिकला की नाही, ते उद्या कळेल." आईने त्या दिवशी काही खाल्ले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पट्टी सोडली. ती कोरडी होती. दत्ताराम भिंतीला धरून मोरीपर्यंत गेला आणि परत आला.

"दुखता खंय?"

"नाय."

डॉक्टरांनी हात धुतले आणि पुढच्या खाटेकडे गेले.