पोच न घेतलेलं पाकीट

कांता मगदूमविषयी लिहायचं तर आधी माझी जागा सांगितली पाहिजे, कारण पंधरा वर्षं मी तिला तिथूनच बघत आलो. बेळगावात कोर्टाच्या मागच्या गल्लीत कडोलकर वकिलांचं ऑफिस आहे. त्या ऑफिसच्या जिन्याखाली माझं झेरॉक्सचं दुकान. मशीन माझं, जागा वकीलसाहेबांची. भाडं नावापुरतं. गल्लीत चार झेरॉक्सवाले असताना वकिलांचं सगळं काम माझ्याकडं यायचं आणि माझी चूल त्याच्यावर पेटायची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी काय केलं आणि काय नाही केलं ते वाचताना कुणाला कोडं पडणार नाही.

कांता मूळची निपाणीकडची, जैन घरातली. लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं. का मोडलं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माहेरी भावजयीच्या डोळ्यांपुढं बसून राहायचं नाही म्हणून ती खासबागात आत्याकडं आली, टायपिंग शिकली आणि कडोलकरांकडं लागली. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलत वाढलेली, त्यामुळं दोन्ही भाषा तिच्या बोटांत सारख्याच. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून पाच वाजले की डबा उघडायची. समोर पक्षकार बसलेला असो की स्वतः साहेब, घास पुरा झाल्याशिवाय कुणाला उत्तर नाही.

तिची किंमत कळायला खानापूरकडचा एखादा म्हातारा पक्षकार बघायला हवा होता. पिशवीतून आजोबाच्या वेळचं वाटणीपत्र काढणार, मराठीत, अक्षर असं की डॉक्टरच्या चिठ्ठीनं लाजावं. कोर्टात ते कन्नडात द्यायचं. गल्लीतले बाकीचे टायपिस्ट असले कागद बघून हात झटकायचे. कांता एक-दोनदा वाचायची आणि सरळ मशीनवर बोटं ठेवायची. मध्येच थांबून वर बघायची. "साहेब, ह्यात धाकट्या भावाची सही न्हाय. आणि पाणंद कुणाची त्ये लिवलंच न्हाय." साहेब चष्मा सारखा करून "हं" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी कोर्टात तोच मुद्दा साहेबांचा झालेला असायचा. बाहेर येऊन पक्षकार साहेबांच्या पाया पडायचा. मी खालून हे सगळं बघायचो आणि मनात म्हणायचो, पाय चुकले बाबा.

पक्षकाराला मात्र ती एक गोष्ट हटकून सांगायची. "मूळ कागद द्याल तितं पोच घ्या. वकील असूं दे न्हायतर देव असूं दे. काय दिलं, कवा दिलं, सही घ्या." आणि पोच स्वतः टाईप करून द्यायची, साहेबांच्या सहीनिशी. साहेब हसत सही करायचे. माझ्याच नावानं मलाच बांधतेस होय, म्हणायचे.

तिनं बाहेरून बी.ए. केलं ते कोल्हापूरच्या विद्यापीठातून, सहा वर्षं लावून. निकाल लागला त्या दिवशी माझ्या काउंटरवर पेढे ठेवले आणि म्हणाली, "मारुतीअण्णा, आता एलएल.बी."

मी चेष्टा केली. "वकीलीण झाल्यावर माझी उधारी तूच वसूल करून देणार मग?"

"फी आगाऊ घेणार," ती म्हणाली.

मार्चमधल्या एका दुपारी माझ्या मशीनच्या झाकणावर तिनं तीन कॉलेजांची पत्रकं पसरली. मला काम होतं, पण तिचा चेहरा बघून मी गप्प बसलो. पहिलं कोल्हापूरचं. तिथं पेपर मराठीत लिहिता येत होता, पण आधी प्रवेश परीक्षा, मग खोली, मेस, आणि इथली नोकरी सुटली की तीन वर्षं खायचं काय. दुसरं तिच्या गावाजवळचं खाजगी कॉलेज. राहायला आईबापाचं घर, भावजय सोसली तर, पण फीचा आकडा तिनं बोटानं झाकून ठेवला होता, जणू बघितला तर वाढेल. तिसरं बेळगावातलंच. वर्ग सकाळी साडेसातला, अकराला सुट्टी, फी कमी. म्हणजे दुपारी साहेबांकडं टायपिंग करून तिला शिकता येणार होतं. त्यात एक काटा होता. सकाळच्या वर्गांना प्रवेश त्या वर्षापुरताच, पुढच्या वर्षापासून नव्यानं येणाऱ्यांचे वर्ग दिवसभराचे होणार होते.

"एका ठिकाणीच अर्ज परवडतोय अण्णा. तीन ठिकाणी फॉर्म भरून, जाऊन येऊन, न्हाय जमायचं."

"मग इथलाच भर," मी म्हणालो. खरं सांगायचं तर ती कोल्हापूरला गेली असती तर वरचं निम्मं काम बंद पडलं असतं, आणि माझंही. तेव्हा हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

संध्याकाळी तिनं साहेबांना विचारलं. साहेब खुशीत होते. "कोल्हापूरला कशाला मरायला जातेस? इथं मी आहे की. पुस्तकं माझी वापर, अडलं तर मला विचार. तुला काळा कोट मी घालणार." ती खाली आली तेव्हा इतकी हसत होती की जिन्याची शेवटची पायरी चुकली. कोल्हापूरच्या परीक्षेचा फॉर्म तिनं भरला नाही. गावाजवळच्या कॉलेजचं पत्रक माझ्याकडं रद्दीत टाकलं.

आता आमच्या भागाची एक अडचण. पदवी पलीकडच्या राज्यातली असली की अलीकडच्या कॉलेजला ती तशीच चालत नाही. पलीकडच्या विद्यापीठाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट आणायचं, ते मूळ गुणपत्रिकांसोबत हुबळीला विद्यापीठात द्यायचं, तिथून पात्रतेचं पत्र आलं की कॉलेज अर्ज घेणार. घरापासून चार तासांच्या आतली सगळी गावं, पण कागदांनी देश बदलायचा. कांता दोनदा कोल्हापूरला जाऊन मायग्रेशन घेऊन आली. आता हुबळी राहिली होती.

"हुबळीला तू जाऊ नकोस," साहेब म्हणाले. "विद्यापीठात माझा वर्गमित्र आहे. खेटे घालण्यात तुझा पगार जाईल. कागद माझ्याकडं दे, आठवड्यात पत्र आणून देतो."

तिनं खाकी पाकिटात सगळं भरलं. मूळ गुणपत्रिका, मायग्रेशन, अर्ज, फी भरल्याचं चलन. माझ्याकडूनच डिंक घेऊन तोंड चिकटवलं, वर कन्नडात पत्ता लिहिला आणि वर जाऊन साहेबांच्या हातात दिलं. पोच घेतली नाही. गल्लीतल्या प्रत्येक खेडुताला पोच घ्यायला लावणारी बाई स्वतःचे कागद तसेच देऊन आली. मी विचारलं तर म्हणाली, "साहेबांकडनं? पंधरा वर्षं मीठ खाल्लंय की वो त्यांचं."

हे जुलैमधलं. अर्जाची शेवटची तारीख ऑगस्टअखेर.

ऑगस्टचा मध्य उलटल्यावर एका सकाळी साहेबांनी मला वर बोलावलं. कांता कॉलेजकडं चौकशीला गेली होती. खानापूरच्या एका मोठ्या दाव्याचे कागद कॉपी करायचे होते. पन्नास-साठ जुने मराठी कागद, सगळ्यांचं कन्नड करायचं, तारीख डिसेंबरात. साहेबांनी कपाट उघडून गठ्ठा माझ्या हातात दिला. गठ्ठा निघाला तशी त्याच्यामागची जागा मोकळी झाली आणि तिथं खाकी पाकीट उभं होतं. वर कांताचं अक्षर. तोंड तसंच चिकटलेलं.

मी पाकिटाकडं बघितलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"ते राहू दे मारुती," साहेब म्हणाले.

मी राहू दिलं.

त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. सकाळचे वर्ग सुरू झाले की परीक्षा येणार, अभ्यास येणार, डिसेंबरचा दावा कोण उपसणार? तीन वर्षांनी तिच्या अंगावर काळा कोट चढला की ती कुणाच्या ऑफिसात टाईप करत बसणार? साहेबांना ती हवी होती आणि जागच्या जागी हवी होती. आणि मला माझा जिना हवा होता. दुपारी कांता खाली आली, म्हणाली, "कॉलेजवाले म्हणत्यात हुबळीचं पत्र अजून न्हाय. येईल म्हणा, साहेबांनी सांगितलंय." मी म्हणालो, येईल. एवढंच म्हणालो. तारखेला अजून बारा दिवस होते. हुबळीला बसनं जाऊन यायला एक दिवस पुरतो.

रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, सांगून टाका तिला. मी म्हणालो, आपल्याला काय करायचंय, मोठ्यांच्या भानगडी. त्यावर बायकोनं माझ्याकडं पाठ फिरवली. तेव्हा तिचा राग आला. आता वाटतं, तिनं दोन शिव्या हासडायला हव्या होत्या.

शेवटच्या दिवशी कांता कॉलेजच्या खिडकीशी पाचपर्यंत उभी होती. पत्र आलं नाही, अर्ज घेतला नाही. परत आली तेव्हा साहेब दारातच भेटले. "हुबळीचा कारभार म्हणजे काय सांगू पोरी, माझ्या मित्रानं पण हात टेकले. कागद अडकलेत तिथं, मी सोडवतो. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी सकाळच्या वर्गांना प्रवेश नाही हे साहेबांना ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार साहेब." आणि मी आणलेला चहा न घेताच वर जाऊन खानापूरच्या दाव्याचा पहिला कागद मशीनला लावला. खालून मला टकटक ऐकू येत होती. मधेच ती थांबायची, बराच वेळ थांबायची, मग पुन्हा सुरू व्हायची. मला लाज वाटली. आणि लाज वाटूनही मी शटर वेळेवर ओढून घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात तिचं पर्युषण होतं. दहा दिवस एकवेळ जेवून ती कामाला येत होती. ते संपलं की जैनांत क्षमावाणीचा दिवस असतो. वर्षभरात कळत नकळत कुणाला दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागायची, घरातल्यांची, शेजाऱ्यांची, सगळ्यांची. कांता दरवर्षी आमची अख्खी गल्ली फिरायची. चहावाला रवळू, स्टॅम्पवाली रूपाली, बाकीचे झेरॉक्सवाले, कुणाला सोडायची नाही. आम्ही संकोचायचो, हसायचो, पण खरं म्हणजे त्या दिवसाची वाट बघायचो. वर्षातून एकदा तरी कुणी आपल्याला मोजतंय असं वाटायचं.

त्या सकाळी ती पहिली माझ्याकडंच आली. डोळे खोल गेलेले. काउंटरसमोर उभी राहून हात जोडले.

"अण्णा, वर्षभरात माझ्याकडनं काय उणं-दुणं बोललं गेलं असंल, तर क्षमा करा. शेवटच्या दिवशी तुम्ही चहा आणलासा आणि मी न घेताच वर गेलो. त्ये मनाला लागलंय."

चहाची क्षमा. मी म्हणालो, "कांता, पाकीट हुबळीला गेलंच न्हाय. वर कपाटात हाय. मी बगितलंय."

तिचे हात जोडलेलेच राहिले. "कवा?"

"तारखेच्या आदी."

"किती आदी?"

"बारा दिवस."

ती जिना चढून वर गेली. मी कान देऊन उभा राहिलो, आरडाओरडा होईल, काहीतरी फुटेल म्हणून. काही झालं नाही. कपाटाचं दार वाजलं. साहेबांचा आवाज आला, "कांता, ऐकून तर घे." मग पावलं खाली उतरली. तिच्या हातात पाकीट होतं. तिनं ते माझ्या काउंटरवर ठेवलं आणि चिकटलेल्या तोंडावरून बोट फिरवलं.

"आता मी क्षमा मागतो तुझी," मी म्हणालो. हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते तिला दिसावं असंही वाटत होतं, हे सुद्धा लिहून टाकतो.

"साहेबांचं मला कळतंय अण्णा," ती सावकाश म्हणाली. "मी गेलो तर त्यांचं ऑफिस बसतंय. पंधरा वर्षं मी त्यांची कामवाली हाय, त्यांनी मला काय समजायचं ते समजलं. तुम्ही मला पत्रकं बघून दिलासा. डिंक दिलासा. बारा दिवस रोज मी तुमाला सांगत हुतो पत्र येईल म्हणून, आणि तुम्ही व्हय म्हणत हुतासा."

मी म्हणालो, "जागा त्यांची हाय गं. पोटाचा प्रश्न..."

"व्हय," ती म्हणाली. "माझाबी त्योच हुता."

तिनं पाकीट उचललं. "आज कुणाला न्हाय म्हणायचं नसतंय," ती म्हणाली. "मागितली तर क्षमा द्यायची असते. लहानपणापास्नं देत आलोय. पर अण्णा, तोंडातनं येईना झालीय."

तिनं पाकीट काखेत धरलं आणि पलीकडं गेली. रवळूच्या टपरीसमोर उभी राहून हात जोडले, मग रूपालीसमोर, मग समोरच्या झेरॉक्सवाल्यासमोर. त्यांच्यापैकी कुणी तिला काही केलं नव्हतं. ती प्रत्येकापुढं वाकत होती आणि ते हसून "असूं दे आक्का" म्हणत होते. मी काउंटरमागं हात जोडून तसाच उभा होतो, आणि वरून साहेब मला हाक मारत होते.