नहरवाल्या आबांची साखरबाव

नहरवाले आबा पाण्याला कान लावून चालायचे. शहरातल्या गुलमंडीच्या गर्दीत मध्येच थांबायचे, रस्त्यावर वाकायचे आणि खालून शहराला पाणी नेणारी जुनी नहर नेमकी कुठं तुंबली आहे ते सांगायचे. लोक हसत. मग खणलं की तिथंच नळात शिरलेली पिंपळाची मुळं निघत. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या अमलात, ते या कामावर लागले. राज्य बदललं, साहेब बदलले, आबा तीस वर्षं त्याच खापरी नळांच्या मागं राहिले.

घराणं गंगापूरकडचं, मेंढरं राखणारं. शाळा चौथीपर्यंत. पण माझ्यासारख्या भूगोलाच्या मास्तरला ते घाम फोडत. "पुस्तकात हाय, व्हय. पन तुमी बगितलं का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एकदा मी सहज म्हणालो की मालवणला समुद्रातल्या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर हजर. चारी अंगांनी खारं, मग मधलं गोड कसं? मी भूगोलाची पुस्तकं चाळत बसायचो.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर हर्णैचे. त्यांच्या मामांचा शिडाचा मचवा दिवाळीनंतर मालवणला जायचा होता. वाटेतले किल्ले दाखवत नेतो, असं मामांनी कळवलं. आबांची निवृत्ती पंधरा दिवसांवर आली होती आणि रजा शिल्लक होती. निरोप समारंभाच्या आधी परत यायचं ठरवून आम्ही दोघं निघालो. तोवर आबांनी गोदावरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं.

पहिला दिवस त्यांनी ओकण्यात काढला. दुसऱ्या दिवशी तोंड धुतलं आणि मामांना विचारायला लागले. ही दोरी कशाची, वारा फिरला हे शिडाआधी कशावरून कळतं, समुद्राचा रंग इथं का बदलला. मामा अबोल माणूस. आधी नुसते हुंकार देत, पण तिसऱ्या दिवसापासून तेच आबांना हाका मारून काहीबाही दाखवू लागले.

निघायच्या आदल्या दिवशी सुवर्णदुर्गावर मी दरवाज्यावरचं कोरीवकाम बघत होतो तेव्हा आबा पाण्याच्या टाक्याशी उकिडवे बसले होते. विजयदुर्गालाही तेच. मी तटांचं कौतुक करत होतो आणि ते पावसाचं पाणी कुठून कुठं नेलंय, ते शोधत हिंडत होते. म्हणाले, "तट बांदनाऱ्याला शत्रूचं भ्या, टाकं बांदनाऱ्याला तहानेचं. दुसरं भ्या मोठं."

ते लवकरच पटलं. विजयदुर्ग सोडल्यावर वारा पडला. दीड दिवस मचवा जागच्या जागी डुलत राहिला. पिंपातलं पाणी तळाला गेलं आणि मामा प्रत्येकाला कपानं मोजून देऊ लागले. अख्ख्या शहराला पाणी पोचवणारे आबा सुकल्या ओठांनी समुद्राकडं बघत होते. "एवढं पानी," ते हळूच म्हणाले, "आन् मला त्यातलं कायबी कळत नाय."

वारा आला, मालवण आलं. सिंधुदुर्गात शिरल्यावर आबा तडक साखरबाव नावाच्या गोड्या विहिरीकडं गेले. प्यायले, आणि हे गोड कसं ते विचारू लागले. किल्ल्यात राहणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, ही देवाची कृपा. आबांनी मनोभावे हात जोडले. मग त्या बाईंकडून एक काचेचा पेला आणि बिनसाखरेचा, गार झालेला कोरा चहा मागून घेतला. पेल्यात समुद्राचं पाणी भरलं आणि चमच्याच्या पाठीवरून थेंब थेंब चहा सोडला. तांबूस थर वरच राहिला.

"गोडं हलकं हाय, मास्तर. पावसाचं मुरतं आन् खाऱ्यावर तरंगतं."

मला तेवढं पुरे होतं. आबांना नव्हतं. खालून समुद्रच तोलत असेल, तर भरतीला विहिरीतलं पाणी चढलं पाहिजे आणि ओहोटीला उतरलं पाहिजे. ते खुणा करून काही दिवस बघावं लागेल. दुसऱ्या दिवशी आमची एसटी होती. मी समारंभाची आठवण दिली. मोठे साहेब येणार होते, घरी त्यांच्या बायकोनं, काकूंनी, नवं धोतर धुऊन ठेवलं होतं. आबांची मान खाली गेली.

"मलाबी वाटतंय यावं. पन तिकडं माज्याबद्दल बोलनार. ते मला ठावं हाय. हितलं ठावं नाय."

मी एकटाच परतलो.

समारंभात आबांची खुर्ची रिकामी होती. शाल आणि नारळ काकूंनी घेतला. आदल्या दिवशीच आबांची तार आली होती. काकूंना मी ती घरी वाचून दाखवली होती, तीच आता सभेत वाचली: 'भरतीला पाणी दोन बोटं चढतं. ओहोटीला उतरतं. सहा दिवस बघितलं. आता येतो.' मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. साहेबांनी काकूंना विचारलं, एवढा मान सोडून ते तिथं राहिले, तुम्हाला वाईट नाही वाटलं?

"वाटलं की," काकू म्हणाल्या. "पन कालपासनं मी इचार करती, साहेब. पानी उतरतं तवा बी ते गोडच ऱ्हातं का?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी तार पुन्हा उलगडून पाहिली; त्यात ते लिहिलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीनंतर मामांच्या मचव्यात आबांच्या शेजारी काकू बसल्या होत्या.