गारठलेले बोल्ट
गाडीत विसरलेला स्टीलचा डबा हाताला बर्फासारखा लागला आणि परदेशात आल्यावरचा, मिल्टन गावातल्या बंदुकांच्या कारखान्यातला माझा पहिला हिवाळा आठवला. उत्तरेच्या बर्फाळ भागात गस्त घालणाऱ्यांच्या रायफलींचे बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारे पोलादी दांडे, मी मापत होतो. पहिला लांबीला किंचित कमी भरला, दुसराही, तिसराही. आख्खी बॅच आता भंगारात जाणार, असं धरूनच मी चौथा उचलला. शेजारच्या टेबलवरच्या नागपूरच्या ताईंनी एक उचलला आणि चटकन खाली ठेवला. "अरे, हे आत्ताच ट्रकमधून उतरले ना? थंडीनं आखडलेत बिचारे. चल, चहा घेऊ." निवांत चहा झाला, तोवर बोल्टना खोलीची ऊब मिळाली आणि एकेक करत सगळे मापात बसले. मी इतक्या जोरात हुश्श केलं की ताई खळखळून हसल्या. आज डब्याचं झाकण निघेना. मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स स्टक!" म्हटलं, "गारठलाय गं बिचारा. चल, चहा घेऊ."